अल्टो सॅक्सोफोन + व्हायोलिन + मृदंगम: षड्ज कोणता धरावा?

प्रश्न
अल्बमसाठी कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन, मृदंगम आणि अल्टो सॅक्सोफोन असा संच आहे. षड्ज (आधाराचा सा) काळी एक, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, धरला तर सॅक्सोफोनवर गमक (स्वर हलवण्याचे अलंकार) अडखळतात. तासाभरात व्हायोलिन आणि सॅक्सोफोन बेसूर होतात. शिवाय तिहाईत (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं) सॅक्सोफोन एक मात्रा आधीच संपतो.

उत्तर 1
काळी दोन धरा. अल्टोवर लिहिलेला सी वाजतो तो ई फ्लॅट, म्हणजे काळी दोनच. शुद्ध सप्तक साध्या बोटांवर येतं. (टेनर, म्हणजे अल्टोपेक्षा खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन, असेल तर हे गणित बदलतं.) जी-डी-ए-ई लावलेल्या व्हायोलिनवर सा-प-सा-प मिळवायला खालच्या दोन तारा 4 अर्धस्वर आणि वरच्या दोन 6 अर्धस्वर उतरवाव्या लागतात. इतक्या सैल तारेवर गज दाबला की स्वर सुरुवातीलाच चढा लागतो, म्हणून जाड तारा घ्या.

उत्तर 2
बेसूर होण्याचं कारण उष्णता. नळीतली हवा तापली की सॅक्सोफोन चढतो, तारा मात्र तापल्या की उतरतात. थंड सॅक्सोफोन कधीही जुळवू नका. आधी तो दहा मिनिटं वाजवा, मग माउथपीस कॉर्कवर आत सरकवून चढवा किंवा बाहेर ओढून उतरवा, आणि शेवटी मृदंगम लावा. त्याच्या डाव्या पुडीवरचा ओल्या रव्याचा लेप सुकला की खर्ज जातो; मधूनमधून ओलं बोट फिरवत राहा.

शुद्ध गंधारावर व्हायोलिन आणि सॅक्सोफोन एकत्र थांबले की सूर थरथरतो, तेही ऐका. तंबोऱ्याशी जुळलेला गंधार पियानोच्या गंधारापेक्षा 14 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. सॅक्सोफोनवाल्याने तिथे ओठ किंचित सैल सोडावा. ओठाने स्वर खाली सहज येतो, वर फारसा जात नाही. म्हणून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) वरच्या स्वरावरून उतरती घेतलेली बरी.

उत्तर 3
तिहाईचा घोळ मोजणीत आहे. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेक मात्रेचा दम (विराम), म्हणजे 5+1+5+1+5 = 17. समेवरून उचलली तर आदितालाची (आठ मात्रांचा कर्नाटक ताल) दोन आवर्तनं 16 मात्रांत संपतात आणि सतरावी मात्रा पुढच्या समेवर पडते. सॅक्सोफोनवाला जॅझच्या सवयीने सोळाव्यावर वाक्य मिटवतो, कारण त्याच्या हिशेबात तिथे चार-चार मात्रांचे बार (गट) पुरे होतात. शेवटची मात्रा त्याला पुढच्या बारची पहिली म्हणूनच लिहून द्या.

जॅझ अल्टोवादक रुद्रेश महंतप्पा यांचा 2008 चा ‘किन्समेन’ हा अल्बम जरूर ऐका: कर्नाटक पद्धतीने सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथ यांच्यासह दोन अल्टो, ए. कन्याकुमारी यांचं व्हायोलिन, आणि मृदंगमच्या जोडीला ड्रम्सही.

उत्तर 2 (पुन्हा)
माइक सॅक्सोफोनच्या भोंग्यात खुपसू नका. बराचसा आवाज किल्ल्यांखालच्या भोकांतून येतो. 30 ते 45 सेंमी अंतर ठेवून तो डाव्या हाताच्या किल्ल्यांकडे वळवा, आणि माइकची मागची बाजू व्हायोलिनकडे राहू द्या.