आगोटीआधी ठरवू या: दुधाच्या पिशव्या वेगळ्या, वेफर्सची पाकिटं वेगळी

सेक्रेटरी: भंगारवाल्याने या वेळीही प्लास्टिकची गोणी नेली नाही. पिशव्या आणि पाकिटं एकत्र आहेत म्हणतो. जाणकारांनी नीट सांगा, उद्या नोटीस लावतो.

बी-२०४: काका, त्याचं बरोबर आहे. दुधाची पिशवी निव्वळ पॉलिथिनची, ते ११० ते १३० अंशांना वितळतं. वेफर्सच्या पाकिटात पॉलिप्रॉपिलीनचे थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, त्याला १६० च्या आसपास लागतात. कॉफीच्या चकचकीत पाकिटावर पीईटीचा (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) थर असतो, तो २५० च्या पुढे वितळतो. जुनं प्लास्टिक वितळवून नव्या वस्तूंसाठी त्याचा दाणा करतात. सगळं एकत्र वितळवलं तर दाण्यात कच्चे कण राहतात आणि त्या दाण्याची पिशवी ओढताना नेमकी तिथेच फाटते. दाणा करणारा असा माल घेईल कशाला?

ए-१०१: ओळखायचं कसं ताई?

बी-२०४: ओढून बघा वहिनी. ताणली जाऊन पांढरट पडली तर पॉलिथिन. कुरकुर वाजते, मुठीत चुरगाळून सोडली की परत उलगडते, आतून चंदेरी दिसते, ती बहुथरी. तेलाच्या पिशवीत कधी कधी नायलॉनचा थर असतो. शंका आली की बहुथरीच्या गोणीत टाका. चांगल्या गोणीत चुकीची पिशवी गेली की नुकसान जास्त.

सी-३०२: धुण्याचं मी सांगतो. पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, तुकडा लटकता राहू दे. तो सुटा तुकडा गोणीत टिकत नाही, गटारातून पऱ्यात आणि तिथून खाडीत जातो. दूध ओतलं की एक बाजू उघडून पिशवी सपाट करा आणि लगेच विसळा. ते पाणी झाडांना चालतं. मग चिमटा लावून दोरीवर. आपल्या हवेत घडी करून ठेवलेली ओली पिशवी रात्रीत आंबते, मग मुंग्या, बुरशी. पावसात गच्ची विसरा, स्वयंपाकघरात पंख्याखाली दोरी बांधा. हातात घेतल्यावर चिकटत नाही, तेव्हाच गोणीत.

ए-१०१: एवढं करून जमणार किती?

सी-३०२: अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साधारण ३ ग्रॅम. आपली ४० बिऱ्हाडं, रोज दोन धरल्या तर महिन्याला २४०० पिशव्या, म्हणजे ७ किलोच्या आसपास. महिन्याला नको, तीन महिन्यांनी एकदम द्या. २० किलोसाठी तो जिना चढेल.

सेक्रेटरी: आणि दुसऱ्या गोणीचं?

बी-२०४: तिला भंगारात भाव नाही. खरा रस्ता सिमेंटची भट्टी. आत १४५० अंशांच्या आसपास तापमान असतं, कोळशाऐवजी काही प्रमाणात हे जळतं आणि राख क्लिंकरमध्येच (दळून सिमेंट होतं ते भाजलेले खडे) मुरते. पण भट्ट्या चंद्रपूरकडे, त्यामुळे एका सोसायटीचं काम नव्हे. गठ्ठे नगरपरिषदेमार्फतच जायला हवेत. ओला माल तिथे उष्णता खातो, म्हणून हीसुद्धा पाकिटं झटकून, पुसून, सुकवूनच. दुसरा उपाय डांबरी रस्त्याचा: २-३ मिलिमीटरचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकतात, डांबराच्या वजनाच्या ८ टक्क्यांपर्यंत. ठेकेदाराला तुकडे करून लागतात, गोणी नाही.

सी-१०३: बाटलीत पाकिटं ठासून विटा करतात, ते?

बी-२०४: ती साठवण झाली दादा, विल्हेवाट नाही. लिटरच्या बाटलीत किमान ३३० ग्रॅम बसायला हवं, नाहीतर दाबल्यावर चेपते. उन्हात उघडी राहिली की ठिसूळ होऊन फुटते आणि सगळं परत बाहेर. मुलांसाठी एखादी करा, सोसायटीचा उपाय म्हणून नको.

सी-३०२: आणि कळकळीने सांगतो, बंबात किंवा पातेऱ्याबरोबर एकही पाकीट जाळू नका. धूर खाली राहतो, शेजारी तान्ही बाळं आहेत.

ए-१०१: गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या?

बी-२०४: बहुतेक पट्ट्यांत पीव्हीसी असतं. त्यातला क्लोरीन भट्टीलाही चालत नाही आणि रस्त्याच्या तापलेल्या खडीवरही. दोन्ही गोण्यांत नको, वेगळ्या डब्यात ठेवून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात द्या.

सेक्रेटरी: ठीक. पांढरी गोणी पॉलिथिनला, निळी बहुथरीला. दोन्ही जिन्याखाली फळीवर, फरशीवर ठेवल्या तर पावसात ओल धरतील.