एजंटला लॉग मेट्रिक शोधून देणारं टूल लिहिलंय, त्याचं डिस्क्रिप्शन कसं लिहू?

रात्रपाळी:
आमचे लॉग गुगल क्लाउडवर आहेत. तिथल्या लॉग-बेस्ड मेट्रिक्स (फिल्टरमध्ये बसणाऱ्या लॉगवरून होणारी मोजणी) आमच्या एआय एजंटला बघता याव्यात म्हणून छोटं एमसीपी टूल केलंय (एमसीपी म्हणजे एजंटला बाहेरची टूल्स जोडायची पद्धत), मेट्रिकचं नाव द्यायचं, टूल लॉगिंग एपीआयचा गेट कॉल मारतं आणि जे येईल ते परत देतं, बस. कोड तासाभरात झाला, डिस्क्रिप्शनवर चार दिवस अडकलोय. सध्या एवढंच आहे, 'लॉग-बेस्ड मेट्रिक मिळवते'. परवा मॅनेजरने एजंटला विचारलं की काल रात्री पेमेंटचे एरर किती आले, तर एजंट ठामपणे म्हणाला 500. खोदून बघितलं तर मेट्रिकच्या फिल्टरमध्ये स्टेटस 500 किंवा त्याहून जास्त असं लिहिलेलं, तोच आकडा उचलला शहाण्याने 😅 मॅनेजर तोवर माफीचा मेल टाइप करत होते. रीडमी चांगली दोन पानी आहे हो, पण ती एजंटपर्यंत जातच नाही. डिस्क्रिप्शनमध्ये नक्की काय काय टाकता तुम्ही लोक?

यॅमलग्रस्त:
भावा, 'मेट्रिक मिळवते' इथेच घोळ आहे. गेट कॉल मेट्रिकची व्याख्या देतो, म्हणजे नाव, फिल्टर, काउंटर (नुसती संख्या) आहे की डिस्ट्रिब्यूशन (किमतींची विभागणी), लेबलं लॉगमधून कशी काढायची वगैरे. मोजलेले आकडे क्लाउड मॉनिटरिंगमध्ये असतात, तिकडे टाइम सिरीज, म्हणजे वेळेनुसार नोंदलेले आकडे, मागावी लागते. तुझा एजंट रेशन कार्ड बघून घरात तांदूळ किती ते सांगत होता. पहिल्याच वाक्यात लिही की इथे व्याख्या मिळते, आकडे मिळत नाहीत, आकडे हवे तर अमुक टूल वापर. आणि तिकडे मेट्रिकचं नाव बदलतं हेही सांग, पुढे लॉगिंग डॉट गुगलएपीआयज डॉट कॉम स्लॅश युजर स्लॅश लागतं, नाहीतर एजंट नुसतं नाव घेऊन जाईल आणि हात हलवत परत येईल.

सौ_बग:
वरच्याला +1. आमच्याकडे वेगळी गंमत झाली, मेट्रिक मंगळवारी बनवली आणि एजंटने सांगितलं सोमवारी एकही एरर नव्हता. मेट्रिक बनवल्यानंतर आलेल्याच लॉगची मोजणी होते, जुन्या लॉगवर मागे जाऊन होत नाही, हे त्याला कोण सांगणार? आता आम्ही मेट्रिक कधी बनली ती वेळ उत्तरात वरच दाखवतो आणि त्याआधीचं विचारलं तर थेट लॉगमध्ये शोध असं लिहिलंय. डिसेबल्ड फील्डही दाखवा, बंद असेल तर मेट्रिकमध्ये नवीन काही भरतच नाही. नावात स्लॅश असेल तर यूआरएलमध्ये तो पर्सेंट टू एफ करावा लागतो, पण ते तुमच्या कोडने करावं, एजंटला त्यात पाडू नका.

टोकनकंजूस:
सगळं बरोबर आहे पण डिस्क्रिप्शनचा निबंध करू नका राव. टूल वापरलं नाही तरी त्याचं डिस्क्रिप्शन सहसा मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याला एका वेळी वाचता येणाऱ्या मर्यादित मजकुरात, जाऊन बसतंच, अशी वीस टूल्स झाली की भरलं. डिस्क्रिप्शनमध्ये फक्त टूल कधी वापरायचं, कधी नाही आणि नावाचा एक नमुना. बाकीचं त्या त्या वेळी उत्तरात द्या. एररसुद्धा कामाची लिहा, नुसतं 'सापडलं नाही' दिलं की एजंट तेच नाव कॅपिटल करून पुन्हा पाठवतो, त्यापेक्षा 'आधी यादीचं टूल चालव' असं सांगा, ऐकतो तो. आणि रीड-ओन्ली हिंट (टूल फक्त वाचतं, काही बदलत नाही हे सांगणारी एमसीपीची खूण) ट्रू करा, डिफॉल्ट फॉल्स आहे, त्यामुळे काही क्लायंट नुसतं वाचायलाही परवानगी मागत बसतात.

रात्रपाळी:
धन्यवाद मंडळी. ताई, तुमचा मंगळवारचा किस्सा टीमला सांगितला, आमच्याकडेही गेल्या आठवड्यातल्या दोन मेट्रिक निघाल्या 🙈 आता असं केलंय: 'एका लॉग-बेस्ड मेट्रिकची व्याख्या आणि फिल्टर देते. किती वेळा घडलं हे यातून कळत नाही, फिल्टरमधले आकडे म्हणजे अटी आहेत. मोजणीसाठी टाइम सिरीजचं टूल वापरा. नेमकं नाव माहीत नसेल तर आधी यादी मागवा.' तोच प्रश्न परत विचारला, एजंट आता आधी व्याख्या बघतो मग मॉनिटरिंगकडे जातो. त्या रात्रीचे खरे एरर 3 निघाले.

यॅमलग्रस्त:
मॅनेजरचा मेल गेला का मग?

रात्रपाळी:
ड्राफ्टमध्ये आहे अजून.