गाविलगड रांगेतलं सुटं टोक: दुसऱ्या कातळटप्प्याखाली वाट संपते, आता कोणती बाजू धरावी?

पूर्णाथडी
नमस्कार मंडळी. अकोट–अचलपूर पट्ट्यात, गाविलगड रांगेच्या दक्षिण अंगाला मुख्य पठारापासून थोडं सुटलेलं एक टोक आहे. पायथा समुद्रसपाटीपासून साधारण ३८० मीटर, माथा ९६० च्या आसपास. शेवटच्या शेतापासून आडवं अंतर ३ किलोमीटर. वर देऊळ नाही, तळं नाही, त्यामुळे मळलेली वाटही नाही. गर्दी नको म्हणून नाव देत नाही.

मागचा प्रयत्न फेब्रुवारीअखेरचा. चौघे जण, पूर्वेकडच्या नाल्यातून. पहिला कातळटप्पा नाल्यातूनच निघाला. दुसऱ्यापाशी १२ ते १५ मीटरची गुळगुळीत उभी पायरी आणि खाली रांजण (पाण्याने कोरलेला खोल खड्डा). तिथून डावीकडे लाल मातीच्या पट्टीवरून आडवं जाऊन पाहिलं, पण पायाखालचं सुटत होतं. दुपारचा १ वाजला, माणशी २ लिटर पाणी संपत आलं, म्हणून परतलो. मोबाइलच्या नकाशात तिथे कडा दिसतच नाही.

आता डिसेंबरात पुन्हा जायचं आहे. बाजू कोणती, दोर किती, पाण्याचं आणि वेळेचं गणित काय? जाणकारांनी सांगावं.

काळाकातळ
भाऊ, आधी नकाशाचं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरच्या अंतराने असतात. १५ मीटरची उभी पायरी दोन रेषांच्या मध्ये अख्खी लपते. मोबाइलवरच्या बऱ्याच नकाशांचा उंचीचा आधार ३० मीटरच्या चौकोनांचा असतो, त्यात कडा सरासरीत विरघळून नुसता चढ उरतो. म्हणून आपल्या डोंगरांत नकाशावरून फक्त सोंडा (डोंगरावरून खाली उतरणाऱ्या धारा) आणि नाले ठरवायचे. कातळटप्पे पायथ्याच्या शेतातून दुर्बिणीनेच वाचायचे. सकाळी ८ च्या आत किंवा ४ नंतर बघा. तेव्हा ऊन तिरपं असतं, प्रत्येक पायरीची सावली खाली पडते आणि टप्पे मोजता येतात. भर दुपारी सगळा कडा एकसपाट दिसतो.

आता दगडाचं. हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला बेसाल्ट आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, त्याचा उभा कडा होतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला असतो, तो लवकर झिजतो आणि तिथे गवताची आडवी पट्टी तयार होते. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल थर असतो. तुम्ही आडवे गेलात ती पट्टी बहुतेक हीच. पावसाळ्यात लाल थर फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, आणि त्याच्यावरचा कातळ पुढे लोंबत राहतो. त्याच्यावर पाय ठरत नाही आणि डोक्यावरचंही भरवशाचं नसतं. आडवं जायचंच असेल तर लाल थराच्या खालची, गवत आणि झुडपं असलेली रुंद पट्टी धरा. १५–२० मीटर खाली उतरावं लागलं तरी चालेल.

नाला सोडा, हे ठाम सांगतो. नाल्यात सुरुवातीला काटे नसतात, सावली असते, म्हणून पाय आपोआप तिकडे वळतात. पण पाणी नेमकं घट्ट थरावरून उडी घेतं. त्यामुळे प्रत्येक कातळटप्प्यावर नाल्यातच सगळ्यात उभी, घासून गुळगुळीत झालेली जागा मिळते. वरून सुटलेला प्रत्येक धोंडाही तिथेच येतो.

सोंड धरा. तुमच्या वर्णनावरून नाल्याच्या पश्चिमेला उतरणारी धार बघण्यासारखी वाटते. सोंडेच्या नाकावर कडा फुटून त्याच्या दोन-तीन मीटरच्या पायऱ्या झालेल्या असतात, शिवाय कडेला एखादी तिरपी चीर मिळते. गुराख्यांना विचाराच. पहिल्या पट्टीपर्यंत गुरं आणि बकऱ्या चरायला जातात, म्हणजे तिथवर वाट असतेच. लेंड्या कुठवर दिसतात ते बघत चला. त्या संपल्या की हातांचं काम सुरू झालं असं समजा.

चढताना पकड घेण्याआधी तळहाताच्या टाचेने दगडावर ठोका. घट्ट दगड बद्द वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो आणि हाताला हलका कंप येतो. पकड खाली दाबून वापरा, बाहेर ओढू नका. पांढरे खडे भरलेला बुडबुड्यांचा दगड दिसायला खडबडीत म्हणून छान वाटतो, पण कडेला बिस्किटासारखा तुटतो. त्याच्यावर पाय ठेवा, पण सगळा भार हाताने टांगू नका. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत.

सालईबन
दोराबद्दल. उतरताना झाडाला दोर दुहेरी टाकून नंतर खालून ओढून घ्यायचा, तर ३० मीटर दोराची कामाची लांबी १५ मीटरच उरते. पायरी १२ मीटरची असेल तर पुरतो, १५ ची असेल तर टोक जमिनीला जेमतेम लागेल. म्हणून ४० मीटर घ्या. १० मिलिमीटर जाडीचा दोर मीटरला ६५ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे अडीच किलोचं ओझं, दोघांनी आलटून पालटून उचलावं. सोबत १२० सेंटिमीटरच्या चार स्लिंग (झाडाला बांधायचे पट्ट्यांचे फास), पाच-सहा स्क्रूवाले कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), प्रत्येकाला हार्नेस (कमरेचा पट्टा), एक 'आठ'चा डिसेंडर (दोरावरून सावकाश उतरायची कडी) आणि हेल्मेट. दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारल्याशिवाय कोणी उतरू नये. दोर खाली ओढण्याआधी मात्र त्या गाठी सोडायला विसरू नका, नाहीतर तो वरच अडकतो.

पहिला माणूस चढताना त्याला बिले द्यायचा (म्हणजे तो पडला तर दोराने धरायचा) असेल तर दोर डायनॅमिकच, म्हणजे झटक्याला ताणणारा हवा. स्टॅटिक, म्हणजे न ताणणारा दोर फक्त उतरायला. कृषी केंद्रात मिळणारा पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर कृपा करून नेऊ नका. तो उन्हाने कुजतो, गाठ घसरते, आणि घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनच्या कितीतरी आधी वितळतो. बैल बांधायला ठीक आहे, माणूस नाही.

झाड निवडताना जात बघा. कड्याच्या काठावर सालई भरपूर असते, पण तिचं लाकूड मऊ आणि फांद्या ठिसूळ. धावडा चिवट. झाड जिवंत, मांडीएवढं जाड आणि मुळं फटीत खोल गेलेली असावीत. स्लिंग बुंध्याला अगदी जमिनीलगत बांधा. एकाच झाडावर सगळं सोपवू नका, मागे दुसरं झाड किंवा पक्का धोंडा जोडा.

माझं मत विचाराल तर दोर हा उतरण्यासाठीच आहे असं धरून वाट निवडा. जी पायरी दोराशिवाय उतरता येईल असं वाटत नाही आणि जिथे वर झाडही दिसत नाही, ती चढूच नका. चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात. उतरताना त्याच पकडी पोटाखाली जातात आणि पाय आंधळेपणाने शोधावा लागतो. दोन-तीन मीटर उंचीपासून पुढे तोंड कड्याकडे करूनच उतरायचं.

बरडावरचा
वेळेचं गणित मांडतो. आडवं अंतर ३ किलोमीटर, तासाला ५ च्या हिशोबाने ३६ मिनिटं. चढ ५८० मीटर, ६०० मीटरला १ तास या हिशोबाने जवळपास १ तास. म्हणजे चांगल्या वाटेवर १ तास ३५ मिनिटं. बिनवाटेच्या झुडपी, दगडी चढाला अडीचपट धरा, ४ तास होतात. दोराच्या एका टप्प्याला माणशी १५ मिनिटं, चौघांचा १ तास. एकूण ५. उतरायलाही तेवढाच वेळ, कारण गवताळ उतारावर उतरणं वेगाने होत नाही.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. उजाडताच चढ सुरू केला तर पावणेबाराला माथा. दुपारी १२ ला जिथे असाल तिथून मागे, माथा ५० मीटरवर असला तरी. तसं केलं तर ५ ला शेतात येता, हाताशी फार तर पाऊण तास उरतो. प्रत्येकाकडे हेडटॉर्च असावाच.

पाणी डिसेंबरात माणशी ४ लिटर, फेब्रुवारीत ५ ते ६. उतार दक्षिणमुखी आहे, थंडीतही सूर्य दिवसभर अंगावर असतो आणि काळा कातळ तापतो. त्यातलं माणशी १ लिटर पहिल्या पट्टीवर सावलीत ठेवून जा, तेवढं ओझं कमी होईल. परत त्याच वाटेने येणार असाल तरच. बाटली नुसती ठेवू नका, दगडाखाली दाबा, वानरं उचलतात.

डिसेंबरात गवत वाळलेलं पण उभं असतं, आणि खरी घसरण दगडावर नसून तिथेच होते. वाळलेल्या काड्या उताराच्या दिशेने झोपतात, बूट त्यावरून सरकतो. झुपक्याच्या वर पाय ठेवू नका, झुपक्याच्या बुडाशी ठेवा. कुसळी गवताचं टोकदार बी मोज्यांतून आत शिरतं, म्हणून गुडघ्यापर्यंत गेटर (बुटावरून घालायचं पायाचं आवरण) किंवा जाड नायलॉन कापडाच्या पट्ट्या गुंडाळा. खाजकुयरीच्या शेंगा याच दिवसांत तयार होतात, तपकिरी मखमली शेंग दिसली की लांबून जा. फटीत हात घालण्याआधी आत बघा, फुरसं (विषारी साप) अशाच जागी बसतं. दंश झालाच तर चिरा देणं, करकचून बांधणं काही नाही. हातपाय स्थिर ठेवून सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात न्यायचं.

माथ्यावर पोहोचल्यावरची एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वरून कड्याचा काठ सगळीकडे सारखाच दिसतो. गवत कमरेएवढं, चीर दहा पावलांवरूनही सापडत नाही. म्हणून प्रत्येक टप्पा चढून आल्यावर मागे वळून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा आणि चिरेच्या तोंडाशी झुडपाला लाल कापडाची चिंधी बांधा. मोबाइलची जागा मोकळ्यावर ५–१० मीटर इकडेतिकडे दाखवते, कड्याला लागून त्याहून जास्त. चिंधीच कामी येते. उतरताना सोडून आणा.

पूर्णाथडी
सगळ्यांचे आभार. पश्चिमेच्या सोंडेवर दुसऱ्या टप्प्याच्या वर एक लोंबता कातळ आहे, त्याखाली काळे डाग दिसतात. मोहोळं असतील का? आणि परवानगी कोणाची घ्यायची?

सालईबन
दुर्बिणीतून बघा. अर्धवर्तुळाकार, खाली लोंबणारा आणि मधून मधून लाटेसारखा हलणारा डाग म्हणजे आग्या मोहोळ. नुसता सपाट काळा ओघळ असेल तर पाण्याचा. कातळावर रिकाम्या पोळ्याच्या मेणाच्या खुणा असतील तरी सावध राहा. आग्या माश्या जागा बदलतात, पण जुन्या कड्यावर वर्षानुवर्षं परत येतात.

मोहोळ नांदतं असेल तर ती सोंड बाद. सपाटीवर माश्या उठल्या तर तोंड झाकून पळता येतं, कड्यावर पळायला जागाच नाही. किमान १००–१५० मीटर बाजूने जाणारी वाट शोधा. अत्तर, विडी, शेकोटी, आरडाओरडा काही नको. खालच्या जंगलात मात्र उलट, पहाटे अस्वल समोरासमोर येऊ नये म्हणून मोठ्याने बोलत चला. कातळाची पट्टी लागली की गप्प. माशीचा काटा रुतलाच तर चिमटीने दाबत बसू नका, नखाने लगेच खरवडून काढा.

काळाकातळ
परवानगीबाबत. टोक मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या किंवा अभयारण्याच्या हद्दीत असेल तर विषय तिथेच संपला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे परवानगीशिवाय आत शिरता येत नाही आणि अशा ठिकाणी पायी भटकायला सहसा देत नाहीत. प्रादेशिक वनविभागात असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात माणसांची नावं, तारीख, चढायची आणि उतरायची बाजू, परतण्याची वेळ लिहा. हद्द कागदावर बघून समजत नाही, बीटच्या (त्या भागाच्या) वनरक्षकाला सोंड बोटाने दाखवून विचारा. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात, तेव्हा डिसेंबरच बरा.

अर्जाची एक प्रत गावच्या पोलीस पाटलांकडे ठेवा. कड्याखाली रेंज नसते, १०८ ला फोन लावायला सोंडेच्या उघड्या भागावर यावं लागेल. संध्याकाळी ७ पर्यंत खाली आला नाहीत तर कोणत्या सोंडेकडे माणसं पाठवायची, एवढं त्या कागदावर स्पष्ट असू द्या.