आल्झासचा द्राक्षपट्टा सायकलवरून: चढ किती, मुक्काम कुठे, आणि वाइनचं काय करायचं?

रानवाटा

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आणि माझा नवरा फ्रान्सच्या आल्झास भागात सायकलने फिरायचं म्हणतोय. हातात आठवडा आहे. मार्लेनहाइमपासून थानपर्यंत द्राक्षमळ्यांतून जाणारा सायकलमार्ग आहे, सुमारे १३५ किलोमीटरचा. तो पूर्ण करायचा असा पहिला विचार होता. रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर नकाशावर किरकोळ वाटतात, पण चढांचा अंदाज येत नाही. आम्ही दोघं पन्नाशीतले. सपाटीवर चाळीस-पन्नास किलोमीटर आरामात करतो, घाट मात्र टाळतो.

दुसरा प्रश्न वाइनचा. मला ती नीट समजून घेत चाखायची आहे. नवरा अजिबात पीत नाही, आणि आम्ही दोघंही शाकाहारी. तिसरा प्रश्न जरा वेगळा. फोटोंत सगळी गावं एकसारखी दिसतात, लाकडी चौकटींची रंगीत घरं आणि खिडक्यांत जिरेनियम. आठवडाभर तेच पाहून डोळे थकतील का? कुठली गावं घ्यावीत, कुठली सोडावीत?

वेलीवरची

रानवाटा, नक्की जा. मी बरीच वर्षं स्ट्रासबर्गला राहते आणि हा पट्टा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चढांचं. द्राक्षमळे व्होज डोंगरांच्या पायथ्याच्या टेकड्यांवर आहेत. मार्ग या टेकड्यांच्या कडेकडेने जातो, त्यामुळे घाट कुठेच नाही, पण सपाटीही फार टिकत नाही. गावात उतरायचं, गावातून बाहेर पडताना पुन्हा चढायचं, असं दिवसभर चालतं. चढ छोटे असले तरी काही चांगलेच तीव्र आहेत, विशेषतः मळ्यांमधल्या काँक्रीटच्या वाटांवर. हलका गिअर असलेली ट्रेकिंग सायकल आणि थोडे रुंद टायर घ्या. जुन्या गावांतल्या दगडी फरसबंदीवर बारीक टायर हाताला फार हादरे देतात. ई-बाईक घेतलीत तर उत्तमच, इथे सगळ्या वयाची माणसं ती वापरतात.

हवेची फार काळजी करू नका. पश्चिमेकडून येणारे ढग व्होजच्या पलीकडेच रिकामे होतात. सह्याद्रीच्या पूर्वेला असतो तसा हा पर्जन्यछायेचा पट्टा आहे, आणि कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वांत कमी पावसाच्या शहरांपैकी एक आहे. वाइन इथे इतकी चांगली होते त्यामागे हेही एक कारण.

आता खरा मुद्दा. पूर्ण १३५ किलोमीटर करायचा हट्ट सोडा, असं मी मनापासून सांगेन. इथे एका गावाच्या चर्चच्या मनोऱ्यावरून पुढच्या गावाचा मनोरा दिसतो. बेर्गहाइम, रिबोविले, ह्युनाविर, रिकविर ही सगळी गावं काही किलोमीटरच्या आत आहेत. अंतर मोजत गेलात तर दुपारपर्यंत चारही ओलांडाल आणि संध्याकाळी कुठलं कुठलं होतं ते आठवणार नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. गावं एकसारखी नाहीत, पण फरक कळायला सायकल लावून तासभर पायी फिरावं लागतं.

ह्युनाविरचं उदाहरण घ्या. तिथलं चर्च गावाबाहेर, मळ्यांच्या मधोमध, स्वतःच्या तटबंदीत उभं आहे. संकट आलं की गाव आत जाऊन बसायचं. १६८७ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन्ही पंथ एकाच वास्तूत प्रार्थना करत आले आहेत. ज्या प्रदेशात धर्मावरून इतकं रक्त सांडलं तिथे हे पाहताना मी दरवेळी बराच वेळ थांबते. त्याच गावात करकोच्यांच्या पुनर्वसनाचं केंद्र आहे, १९७६ साली सुरू झालेलं. तेव्हा आल्झासमधून करकोचे जवळजवळ नाहीसे झाले होते. बहुतेक करकोचे ऑगस्टअखेर दक्षिणेला निघून जातात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये छपरांवर रिकामी घरटी दिसतील. केंद्रात मात्र पक्षी असतात.

रिकविर सर्वांत प्रसिद्ध. डोल्डेर नावाचा वेशीवरचा मनोरा १२९१ चा आहे. पण सकाळी दहानंतर पर्यटकांच्या बस येतात आणि मुख्य रस्त्यावर सायकल हातात धरून चालायलाही जागा उरत नाही. सकाळी लवकर जा, नाहीतर मुक्कामच करा. संध्याकाळी गाव पुन्हा आपलं होतं. एगिसहाइममध्ये रस्ते एकाभोवती एक वर्तुळात आहेत, त्यामुळे चालत राहिलात की निघालात तिथेच पोचता. पोप लिओ नववा इथला मानतात. कायझर्सबर्गला १५१४ चा तटबंदी असलेला पूल आहे, आणि आफ्रिकेत रुग्णसेवा करणारे डॉक्टर अल्बर्ट श्वाइत्झर यांचा जन्म १८७५ साली तिथेच झाला.

आणि एक गाव असं सांगते ज्याचे फोटो तुम्हाला सहसा दिसणार नाहीत: बेनविर. रिकविरहून दक्षिणेला निघालात की अगदी जवळ. घरं नवी, चर्च काँक्रीटचं. १९४४ च्या डिसेंबरमध्ये आणि पुढे कोलमारच्या लढाईत बेनविर, मिटलविर आणि सिगोल्सहाइम ही गावं जवळपास पुरती उद्ध्वस्त झाली, युद्धानंतर नव्याने बांधली गेली. सिगोल्सहाइमच्या वर, मळ्यांच्या माथ्यावर, फ्रेंच सैनिकांची दफनभूमी आहे. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सैनिकांच्या कबरीही तिथे आहेत. चढ दमवणारा आहे, पण जाच. रिकविर अखंड राहिलं आणि दोन टेकड्यांपलीकडचं बेनविर राहिलं नाही, हे पाहिल्यावर त्या जुन्या घरांकडे बघायची नजरच बदलते. १८७१ नंतर हा प्रदेश जर्मनीकडे, १९१८ ला परत फ्रान्सकडे, १९४० ला पुन्हा जर्मनीकडे आणि १९४५ ला पुन्हा फ्रान्सकडे गेला. इथल्या युद्धस्मारकांवर पाहा: बऱ्याच ठिकाणी फक्त ‘आमच्या मृतांस’ एवढंच कोरलेलं असतं, कुठल्या देशासाठी ते नाही. कारण एकाच घरातली मुलं दोन्ही गणवेशांत लढली.

आता वाइन. चाखण्याची वेळ दिवसाच्या शेवटी ठेवा, मुक्कामाच्या गावी. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची ०.५ ग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मळ्यांतल्या उतारावर, वळणामागून ट्रॅक्टर येत असताना, डोकं ताळ्यावर हवं. दिवसा चाखायचीच असेल तर थुंकायचं भांडं मागून घ्या. ते वाइन चाखवणाऱ्या प्रत्येक तळघरात असतं, आणि थुंकणाऱ्या पाहुण्याला तिथे जाणकार समजतात, कुणाला वाईट वाटत नाही.

समजून घ्यायचंय म्हणालात म्हणून एक सुचवते. आल्झासमध्ये बाटलीवर बहुधा द्राक्षाच्या जातीचं नाव असतं, त्यामुळे शिकणं सोपं जातं. एकच जात धरा, रिस्लिंग, आणि ती वेगवेगळ्या जमिनींवरची प्या. डाम्बाख-ला-व्हिलला जमीन ग्रॅनाइटची आहे, ह्युनाविरच्या रोझाकेर मळ्यात चुनखडीची. ग्रॅनाइटवरची वाइन मला लवकर खुलणारी, सुगंधी वाटते. चुनखडीवरची आधी ताठ असते, पेल्यात हळूहळू उलगडते. ज्या उतारावरून दुपारी सायकल ढकलत नेली तिथलीच वाइन संध्याकाळी चाखली की मातीचा फरक पुस्तकाशिवाय कळतो. नंतर गेवुर्त्स्ट्रामिनेर घ्या, गुलाब आणि लिचीच्या वासाची. आधी ती प्यायलात तर रिस्लिंग फिकी लागेल.

तुमच्या मिस्टरांसाठी: बरेच मळेवाले स्वतःच्या द्राक्षांचा रस बाटलीत भरून विकतात, तो मागा. सप्टेंबरात तोडणी सुरू असते. घरातली सगळी माणसं मळ्यात असतात, म्हणून आधी फोन करून वेळ ठरवा. ट्रॅक्टरला नेहमी वाट द्या. वेलीवरचा घड तोडू नका, एकही.

चक्रधर

वेलीवरची यांचं बहुतेक पटलं, पण पूर्ण मार्ग सोडा हे नाही पटलं. मी सामान लादून टोकापासून टोकापर्यंत गेलोय आणि दक्षिणेचा भाग मला सर्वांत आवडला. रूफाखच्या पुढे पर्यटक एकदम कमी होतात. थानला रांगेनचा मळा आहे, ज्वालामुखीच्या खडकावरचा, इतका उभा की खाली उभं राहून वर बघताना टोपी पडावी. तिथल्या चर्चचा दगडी जाळीचा कळस १५१६ मध्ये पूर्ण झाला. परतीला थानहून मुलुझ शहराला ट्राम-ट्रेन मिळते. एका टोकाला सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोचण्यात जे समाधान आहे ते एका ठिकाणी राहून मिळत नाही.

शाकाहाराबद्दल: फ्लामकूश म्हणजे पातळ पोळीवर क्रीम, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. ‘सां लार्दों’ म्हणालात की मांसाशिवाय करून देतात, मात्र ऑर्डर देतानाच सांगा. मुन्स्टर चीज उग्र वासाचं पण अप्रतिम. दुपारी दोननंतर बऱ्याच खानावळी स्वयंपाकघर बंद करतात, आणि रविवारी दुकानं बंद. पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलला अडकवायच्या पिशवीत, ब्रेड, चीज, फळं असू द्या.

रानवाटा

दोघांचेही मनापासून आभार. नवऱ्याला बेनविरचं वाचून दाखवलं, तो म्हणाला हे ठरलंच. वेलीवरची ताई, मग आठवडा कसा मांडू? आणि ओ-केनिग्सबुर्ग किल्ला सायकलने होईल का?

वेलीवरची

किल्ला सुमारे ७५७ मीटरवर आहे आणि सेलेस्टा शहर १७५ च्या आसपास. म्हणजे साडेपाचशे मीटरहून जास्त सलग चढ, तुम्ही टाळता तो घाटच. सेलेस्टा स्टेशनवरून बस जाते, तिने जा. किल्ला पाहताना एवढं लक्षात ठेवा की आजचं रूप १९०० ते १९०८ मध्ये जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने करवून घेतलेल्या जीर्णोद्धाराचं आहे. हा मुलूख जर्मन आहे हे दाखवायला त्याला तो हवा होता.

मांडणी मी अशी करेन. सुरुवात स्ट्रासबर्गहून ब्रुश कालव्याच्या काठाने. लष्करी अभियंता व्होबाँने १६८२ मध्ये स्ट्रासबर्गच्या तटबंदीचा दगड वाहून आणायला तो खणवला. वाट सपाट, सावलीची, पाय मोकळे करायला अगदी योग्य. कालवा संपतो तिथून मोल्सहाइम जवळच, पुढे ओबेर्नेला मुक्काम. दुसऱ्या दिवशी बार्र, मिटलबेर्गहाइम, आंडलाउ करत डाम्बाख. माझ्या मते सगळ्या मार्गातला सर्वांत सुंदर तुकडा हाच, आणि गर्दी नाही. मिटलबेर्गहाइमला झोत्सेनबेर्ग मळ्यातली सिल्व्हानेर विचारा. एरवी साधी समजली जाणारी ही जात तिथे ग्रां क्रू, म्हणजे सर्वोत्तम मळ्यांच्या दर्जाची, म्हणून बाटलीत भरता येते. मग सेलेस्टाला थांबा: किल्ला, आणि तिथलं मानवतावादी ग्रंथालय. त्यापुढे रिबोविले किंवा बेर्गहाइमला दोन रात्री, सामान खोलीवर ठेवून मोकळ्या सायकलींनी ह्युनाविर, रिकविर, बेनविर, सिगोल्सहाइम. शेवटी कोलमार. तिथे अर्धा दिवस फक्त उंटरलिंडन संग्रहालयातल्या चित्रकार ग्र्यूनेवाल्डच्या वेदीचित्रांसाठी ठेवा. एगिसहाइम तिथून अगदी जवळ आहे. ट्युर्कहाइमला संध्याकाळी जाता आलं तर रात्री दहाला कंदील घेऊन गस्त घालणारा पहारेकरी भेटेल. मे ते ऑक्टोबर ही प्रथा अजून चालते.

चक्रधर, थानबद्दल तुमचं बरोबर आहे, रांगेन पाहण्यासारखाच आहे. पायात जोर उरला तर त्यांनी कोलमारहून एका दिवसात ट्रेनने जाऊन यावं.

चक्रधर

हे चालेल. ट्रेनबद्दल एक भर. टीईआर म्हणजे प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते, वेगळं तिकीट लागत नाही, पण जागा मोजकी असते. सकाळी आणि संध्याकाळी कामावर जाणाऱ्यांच्या वेळा टाळा. पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे अतिवेगवान गाडीने, सायकल आणणार असाल तर तिची जागा तिकिटाबरोबरच आरक्षित करावी लागते, आणि ती लवकर भरते. त्यापेक्षा स्ट्रासबर्गलाच भाड्याने घ्या आणि घेताना दोन गोष्टी तपासा: मागचा ब्रेक उताराला पुरेसा धरतो का, आणि पुढे-मागे दिवे आहेत का. गावांबाहेर अंधारात परावर्तक जाकीट घालणं सक्तीचं आहे, तेही दुकानातूनच मागून घ्या.