घरी लेकरांचा कॉम्प्युटर क्लब चालवला असेल तर लिहा इथे

मांजराकाठ
काल माळ्यावरून जुना कीबोर्ड निघाला. अक्षरं पुसलेली, स्पेसबारला चिकटपट्टी. पुसता पुसता सगळं आठवलं, म्हणून धागा काढतेय.

२०१५ मध्ये लातूरला घराच्या पुढच्या खोलीत सुरू केला होता. तीन जुने डेस्कटॉप, एक इन्व्हर्टर, शाळा सुटल्यावर साडेपाच ते सात. पहिल्या महिन्यात अकरा लेकरं. पालकांचा पहिला प्रश्न, "सर्टिफिकेट कुठलं मिळतं?" दुसरा, "टायपिंग घेता ना?" मी स्क्रॅच घ्यायचे, लेकरांची प्रोग्रामिंगची भाषा. ठोकळ्याला ठोकळा जोडायचा, मांजर चालायला लागते. बारावी आणि मेडिकलच्या गावात मांजर चालवायला फी मागायची म्हणजे धाडसच.

मग २०१६ चा दुष्काळाचा उन्हाळा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सहावीतल्या एका पोरीला मी दोन आठवडे रिपीटचा ठोकळा (एकच काम पुन्हा पुन्हा करवणारा) समजावत होते, डोक्यात शिरत नव्हता. त्या आठवड्यात आली नि म्हणाली, "मॅडम, डबा एकदाच काढून दहा करता येतात का?" तिनं एकच डबा काढला, रिपीटमध्ये १० टाकलं, आत स्टॅम्प (चित्राचा ठसा उमटवायचा), थोडं पुढं सरक, पाण्याच्या आकड्यात ५०००० मिळव. आकडा ५००००० वर थांबला तशी म्हणाली, "आता आमच्या गल्लीला किती घागरी येतील ते काढू?" न्यायला आलेले तिचे वडील मागं उभे होते. चप्पल काढून आत येऊन बसले. सर्टिफिकेटचं परत कधी विचारलं नाही त्यांनी.

तुमचं सांगा.

गोदाकाठचा
वाचून अंगावर काटा आला ताई. आमच्याकडं परभणीला फीचा घोळ. जूनमध्ये सगळे म्हणायचे, "सर, सोयाबीन निघालं की देतो." आणि द्यायचे बरं का, एकानंही बुडवली नाही! पण जून ते दिवाळी लाइट बिल माझ्याच खिशातून. पुढच्या वर्षी फीच दोन हप्त्यांत केली, दिवाळीनंतर आणि तूर निघाल्यावर. तेव्हा कुठं धंदा मार्गी लागला.

कंदील
लोडशेडिंग विसरलात का सगळे? लेकरानं तासभर राबून गेम केला, की गेली लाइट. एकदा एक पोरगं ओक्साबोक्शी रडलं. तेव्हापासून भिंतीला शाळेची घंटा टांगली, दर दहा मिनिटाला एक टोल, टोल पडला की सेव्ह.

गोदाकाठचा
@कंदील घंटा भारी! इन्व्हर्टरची बॅटरी किती एएचची (क्षमतेची) होती?

कंदील
१५० ची, ट्युब्युलर. तीन पीसी दीड तास निघायचे. पाणी बघत जा तिचं, डिस्टिल्डच टाका. आमच्या बोअरचं टाकून एक वाया घालवली.

कोयता
बीडकडचा आहे. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मी लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला. फी कसली मागता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटता फिटत नाही. मी प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर करून ठेवायचो, पेनड्राइव्हवर कॉपी पण. गुढीपाडव्याच्या सुमारास एक पोरगं परत आलं, काळं पडलेलं, हाताला पाचटाचे ओरखडे. दारातूनच विचारलं, "सर, माझी गाडी हाय का?" त्याची फाइल उघडून दिली. पाच महिन्यांपूर्वी जिथं सोडली तिथनं लगेच पुढं करायला बसलं.

मांजराकाठ
@कोयता दादा, हे वाचून थोडा वेळ काही सुचेना.

पैठणी
मुलींचं लिहा की कुणीतरी. संभाजीनगरला आमच्याकडं भाऊ क्लबला, बहीण नुसती सोडायला यायची आणि पायरीवर बसायची. मी आत बोलावलं तर, "फी एकाचीच भरलीय." म्हटलं बस गं. पुढं एका फीत दोन भावंडं असा नियमच केला. उत्पन्न घटलं, पण खोली भरली.

नवा_गडी
मला हिंगोलीत आता सुरू करायचाय. नोंदणीला एजंट दीड हजार मागतोय, द्यावे का?

गोदाकाठचा
अजिबात देऊ नका! छोट्या धंद्यांची उद्यम नोंदणी फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधारवरून स्वतःच होते. ते दीड हजार माउसला ठेवा. लेकरं माउस लय लवकर घालवतात.

कंदील
आणि उंदरापासून वायरी जपा. आमच्याकडं एका पावसाळ्यात दोन केबल कुरतडल्या. पोरं म्हणायची, सर, उंदराला माउस आवडला.

पैठणी
😂 @मांजराकाठ ती रेल्वेवाली पोरगी आता काय करते?

मांजराकाठ
माहीत नाही गं. २०१८ ला सासऱ्यांच्या आजारपणात क्लब बंद केला, नंतर तिच्या घरच्यांनी घर बदललं. तिची फाइल आहे अजून माझ्याकडं. @नवा_गडी, पहिल्या दिवशी दाखवायला हवी असेल तर पाठवते, मेसेज करा.

नवा_गडी
केला ताई.