1969 च्या शेवरले सी-10 पिकअपला पॉवर ब्रेक बसवावेत का, आणि कसे?

ऑस्टिनकर

नमस्कार. माझ्याकडे 1969 ची शेवरले सी-10 पिकअप आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे 250 घनइंची सहा सिलिंडरचे आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवा ओढली गेल्याने तयार होणाऱ्या कमी दाबाने, पायाला मदत करणारा डबा) नाही. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या पश्चिमेला जे चढउताराचे रस्ते आहेत, तिथे सुट्टीच्या दिवशी ती चालते आणि मागे बहुधा माती नाहीतर लाकूड असते. मला जोर लावून गाडी थांबवता येते, पण पत्नीला पेडलवर जवळजवळ उभे राहावे लागते, त्यामुळे ती आता गाडीला हात लावायला तयार नाही. आधीच्या मालकाने मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकच्या तेलावर दाब आणणारा भाग) बदललेला दिसतो, कारण आजूबाजूचे सगळे गंजलेले असताना तो एकटाच नवा आहे.

आठ इंची व्हॅक्यूम बूस्टर, त्याचा ब्रॅकेट आणि मास्टर असा तयार संच विकत मिळतो. तो फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर) बसवला की काम झाले, की पेडल आणि पुशरॉडमध्येही (पेडलचा जोर पुढे पोहोचवणाऱ्या दांड्यातही) बदल करावे लागतात? ड्रम तसेच ठेवले तर चालतील का?

पाना_14

संच बसतो, परंतु बसणे आणि नीट चालणे यांत बरेच अंतर आहे. पैसे खर्च करण्याआधी पेडल इतके जड का आहे हे शोधा, कारण ही गाडी कारखान्यातून बूस्टरशिवायही विकली जात होती आणि तेव्हाच्या चालकांना पेडलवर उभे राहावे लागत नव्हते. माझा पहिला संशय त्या नव्या मास्टरवर आहे. बूस्टर नसलेल्या गाडीत साधारण 1 इंच व्यासाचा मास्टर असावा लागतो. बूस्टरसोबत येणारे मास्टर बहुधा 1.125 इंची असतात. पायाचा जोर 70 पौंड आणि पेडलचे गुणोत्तर (पेडल पायाचा जोर किती पट करते ते) 6 धरले, तर पिस्टनवर 420 पौंड पडतात. 1 इंची मास्टरमध्ये त्याचा दाब चौरस इंचाला सुमारे 535 पौंड होतो, तर 1.125 इंचीमध्ये जेमतेम 422 पौंड. तेवढ्या एका अष्टमांश इंचापायी पाचवा हिस्सा दाब गेला. शिवाय पेडलचा प्रवास कमी होऊन ते दगडासारखे घट्ट लागते, आणि अनेकांना तेच चांगल्या ब्रेकचे लक्षण वाटते.

दुसरे, ड्रम उघडून लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) पाहा. तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर, अडकलेले व्हील सिलिंडर (चाकातले, तेलाच्या दाबाने लायनर ड्रमवर रेटणारे) किंवा ढिले पडलेले अ‍ॅडजस्टर यांपैकी काहीही असेल, तर बूस्टर ते दुरुस्त करत नाही, फक्त झाकतो.

एवढे करूनही बूस्टर हवाच असेल, तर पेडलपासून सुरुवात करा. पेडल ज्यावर झुलते त्या खिळीपासून पायपट्टीपर्यंतचे अंतर भागिले खिळीपासून पुशरॉडच्या पिनपर्यंतचे अंतर, हे गुणोत्तर बूस्टरविना 6 च्या आसपास आणि बूस्टरसह 4 च्या आसपास असावे. 6 वरच बूस्टर लावला, तर पाय नुसता टेकताच चाके आवळली जातात, आणि ड्रममध्ये हा त्रास जास्त होतो, कारण त्यातला पुढचा शू (लायनर बसवलेली कमान) फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन मागच्या शूला रेटतो. म्हणजे ड्रम स्वतःच स्वतःला मदत करत असतो. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या बऱ्याच पेडलांना पिनसाठी दोन भोके असत. वरचे साध्या ब्रेकसाठी आणि खालचे पॉवर ब्रेकसाठी. तुमच्या पेडलला आहेत का ते दिवा लावून बघा.

मग पुशरॉड. बूस्टरच्या दांड्याचे टोक आणि मास्टरचा पिस्टन यांत सुमारे अर्धा मिलिमीटर फट लागते. दांडा लांब झाला तर मास्टरमधले परतीचे बारीक छिद्र झाकलेले राहते, तेलाला मागे जायला वाट उरत नाही आणि दहा-पंधरा मैलांत ब्रेक तापून धरून बसतात. फट मोजायला मुलांच्या खेळण्यातली मऊ माती उत्तम: बोराएवढी गोळी दांड्याच्या टोकावर चिकटवायची, मास्टर नटांनी आवळायचा, परत सोडवायचा आणि चपटलेल्या मातीची जाडी व्हर्नियरने मोजायची. जुनाच मास्टर बूस्टरवर चढवण्याचा मोह मात्र टाळा. साध्या ब्रेकच्या मास्टरच्या पिस्टनला खोल खळगा असतो, बूस्टरचा आखूड दांडा त्यात आत जातो आणि पेडलचा निम्मा प्रवास वाया जातो.

सहा_बोल्ट

वरील सगळे मान्य आहे, पण माझे मत वेगळे आहे. एवढा खटाटोप करायचाच असेल, तर पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटणारे ब्रेक) बसवा. उतारावर भरलेली गाडी वारंवार थांबवताना ड्रम तापून ब्रेक मंदावतात आणि त्यावर बूस्टरकडे उत्तर नाही. सी-10 ला 1971 पासून पुढचे डिस्क कारखान्यातूनच येऊ लागले, त्यामुळे 1971-72 च्या भंगारातील गाड्यांचे भाग जुळतात. अडचण एवढीच, की त्याच वर्षी चाकांचे बोल्ट सहाचे पाच झाले. म्हणजे पुढे पाच आणि मागे सहा, आणि एक स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही. सहा बोल्टांचे तयार डिस्क-संचही मिळतात. मी तोच वापरला. डिस्क लावल्यास मास्टरही डिस्क-ड्रम प्रकारचा घ्या, कारण ड्रमच्या वाटेत साधारण 10 पौंड दाब राखून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या वाटेत राहिला तर पॅड कायम घासत राहतात.

डिझेलवाला_पुणे

व्हॅक्यूमबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून भर घालतो. आमच्याकडच्या जुन्या डिझेल जीपला बूस्टर लावताना पहिला प्रश्न तोच येतो, कारण डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळीत) उपयोगी पडेल असा व्हॅक्यूम नसतोच आणि मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला अल्टरनेटर शोधावा लागतो. (जीपवाल्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचून आणि आरटीओत विचारूनच असे बदल करावेत.) तुमचे इंजिन पेट्रोलचे असल्याने पंप लागणार नाही, पण गेज लावून आयडलिंगला व्हॅक्यूम मोजा. पाऱ्याचे 18 इंच मिळाले, तर आठ इंची बूस्टर जास्तीत जास्त सुमारे 440 पौंडांची मदत देतो. 14 इंचांवर तीच 350 च्या खाली येते. नळी थेट मॅनिफोल्डमधून घ्या, आणि बूस्टरच्या तोंडाशी असलेला एकदिशा व्हॉल्व्ह चालतो का ते फुंकून पाहा. इंजिन बंद पडल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक लागावा एवढा साठा त्याच्याच जोरावर टिकतो.

ऑस्टिनकर

सर्वांचे आभार. मास्टर खोलून मोजला, 1.125 इंची निघाला. पुढचे लायनर गुळगुळीत झालेले आहेत आणि उजव्या मागच्या व्हील सिलिंडरचा एक पिस्टन जागचा हलत नाही. पेडलला भोके दोन आहेत आणि पिन वरच्या भोकात आहे. व्हॅक्यूम 19 इंच मिळतो. सध्या बूस्टर न घेता साध्या ब्रेकचा 1 इंची मास्टर, नवे लायनर आणि चारही व्हील सिलिंडर मागवले आहेत. त्यानंतरही पत्नीला पेडल जड वाटले, तर बूस्टर आणि पुढचे डिस्क एकदमच करीन.

पाना_14

योग्य क्रम आहे. नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरा, दोन्ही तोंडांना नळ्या लावून त्या टाकीतच परत सोडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबा, नाहीतर पुढे चाकांतून एअर काढताना संध्याकाळ होईल. डॉट 3 प्रकारचे ब्रेक तेल गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. मूळ रंग शाबूत असेल तर फायरवॉलवर आधीच ओले फडके टाकून ठेवलेले बरे. आणि पुढे कधी बूस्टर बसवलात, तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेले पाहिजे; तसे झाले नाही, तर आधी नळी आणि एकदिशा व्हॉल्व्ह तपासा, बूस्टर नंतर.