मदत हवी आहे: रक्तदानानंतर पळताना नाडी जास्त, पल्ला कधी वाढवू?

नमस्कार मंडळी. दहा दिवसांपूर्वी रक्तदान केलं, ३५० मिली. तेव्हापासून नेहमीच्याच वेगाने पळताना नाडी १४५ ऐवजी १५८ दिसते आणि चढावर तर धाप लागते. बसलेलो असताना मात्र सगळं ठीक.

थोडं वाचलं. रक्त कमी झालं की हृदयाकडे परतणारं रक्तही कमी होतं, कप्पे पुरते भरत नाहीत, मग एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि ती कसर हृदय ठोके वाढवून भरून काढतं. इथवर पटलं. पण रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, एक-दोन दिवसांत भरून येतो म्हणतात. मग दहाव्या दिवशीही हे का? तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात, म्हणून प्राणवायू कमी पोहोचतोय, की उकाड्यात घाम जास्त जातोय? (पाणी मी तसं कमीच पितो, घरचे रोज ओरडतात.)

पाच आठवड्यांनी साताऱ्याला २१ किमी पळायचंय, यवतेश्वरचा चढ आहे. रक्तदान करून पळणाऱ्यांनी सांगा, लांब पल्ला कधी सुरू केलात? हिमोग्लोबिन आत्ताच तपासू की थांबू?